आधी पोट, मग वरात

लग्नाला बोलावलेल्या माणसाला तीन-तीन तास उपाशी उभं करायचं आणि शेवटी हात जोडून "जेवल्याशिवाय जायचं नाही हं" म्हणायचं, हा आमच्या भागात रिवाज होऊन बसला आहे. मी त्याला पाहुण्याचा अपमान म्हणतो. मांडव कितीही मोठा घाला, फुलं इंदूरहून आणा, नवरदेवाला घोडीऐवजी बग्गीत बसवा. माणूस भुकेला असताना त्याच्या डोळ्यांदेखत खाणं झाकून ठेवणारा आणि झाकणाला हात लावू नका म्हणणारा यजमान वाईट यजमान आहे. पाठीमागे हे सगळेच बोलतात. मी तोंडावर बोलतो आहे.

विषय स्टार्टरचा आहे. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातल्या आमच्या डोईफोडियात आता लग्न असो, साखरपुडा असो की पोराचा पहिला वाढदिवस, जेवणाआधी स्टार्टर लागतातच. मंचुरियन, पनीर चिली, मोमो, पाणीपुरी, एखाद्या जुन्या घरी मूगभजी आणि पाटोड्या. लागोत बापडे, माझी त्याला हरकत नाही. हाताने उचलून दोन घासांत संपणारं खाणं ही मोठी सोय आहे. म्हातारा माणूस बसल्या जागी खातो, पोरं खेळता खेळता खातात, कडेवर लेकरू असलेली बाई एका हाताने खाते. ताट नको, पाट नको, आग्रह नको. पण ही सोय एकाच कामासाठी आहे. पाहुणा दारात आल्यापासून जेवण लागेपर्यंतचा वेळ तिने निभावून न्यायचा असतो. आमच्याकडे नेमका तोच वेळ सोडून स्टार्टर बाकी कधीही वाढले जातात.

दिवस कसा जातो ते पाहा. बुऱ्हाणपूर २००३ साली खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण आमच्या सोयरिकी जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द पाहून कधीच झाल्या नाहीत. महाराष्ट्रातले जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे तिन्ही जिल्हे आम्हाला लागून आहेत. कोणी रावेरकडून येतं, कोणी जळगाव जामोदकडून, कोणी धारणीकडून जंगलाच्या रस्त्याने. पत्रिकेवर गोरज मुहूर्त छापलेला असतो. मे महिन्यात गोरज म्हणजे सातच्या आसपास. तो गाठायचा म्हणून माणूस बाराला घरी चार घास खातो, दुपारच्या उन्हात जीपमध्ये दाटीवाटीने बसतो आणि सहाला मांडवात हजर होतो. त्याने पत्रिकेचा मान ठेवला. यजमान मात्र तो ठेवत नाही. वरात जानवशावरून निघते साडेसातला, अर्धा किलोमीटर चालायला तिला दीड-दोन तास लागतात, मंगलाष्टकं साडेनऊला सुरू होतात आणि जेवणाची झाकणं उघडतात दहाला. बाराला जेवलेला माणूस रात्री दहाला जेवतो. ज्याने वेळ पाळली तोच उपाशी राहतो, आणि जो नऊला आरामात उगवला त्याच्या हातात आल्या आल्या वाटी पडते.

या मधल्या चार तासांत स्टार्टरचे स्टॉल कुठे असतात? तिथेच असतात, उघड्यावर, सजवलेले, झगमगत्या दिव्यांखाली. फक्त बंद असतात.

या वैशाखात आमच्याच भागातल्या एका लग्नात मी हे जवळून पाहिलं. स्टॉलच्या टेबलावर स्टीलच्या झाकणांची सहा भांडी मांडलेली. झाकणाच्या कडेने वाफेचं पाणी ओघळत होतं, म्हणजे आतलं खाणं तळून झालं होतं आणि स्वतःच्याच वाफेत भिजत पडलं होतं. भांड्याखालचे दिवे पेटवलेले नव्हते. मागे एक पोरगा उभा. हातमोजे कधीकाळी पांढरे असावेत. गावातली एक म्हातारी नातवाचा हात धरून तिथे आली आणि म्हणाली, "बाबा, दोन भजी दे रे." पोरगा म्हणाला, "अभी नहीं दादी, बारात आने दो. मालिक ने मना किया है." म्हातारी काही न बोलता मागे फिरली आणि खुर्चीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिच्या सुनेने मला हाक मारली. म्हातारीच्या कपाळावर घाम डबडबला होता आणि हाताची बोटं थरथरत होती. सातला जेवण आहे असं सांगितलं होतं, म्हणून तिने साखरेची गोळी साडेसहालाच घेतली होती. मी मांडवामागे आचाऱ्याकडे गेलो. त्या भल्या माणसाने काही न विचारता मूठभर साखर पाण्यात ढवळून पेला हातात दिला. पंधरा-वीस मिनिटांनी म्हातारी नीट बोलायला लागली, मग तिला बिस्किटं दिली. भज्यांची झाकणं तेव्हाही बंदच होती.

मधुमेहाच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावतात. म्हणून त्या जेवायच्या अगदी आधी घ्यायच्या असतात. गोळी पोटात गेली आणि अन्न गेलं नाही, तर रक्तातली साखर घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि वेळेत साखर मिळाली नाही तर बेशुद्धी. डॉक्टर अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, असं सांगतात. ही माहिती आज गावातल्या घराघरात असायला हवी, कारण अशा गोळ्या आता गावोगावी आहेत. तुमच्या मांडवात पाचशे माणसं असतील तर त्यातली कितीतरी गोळीवर असणार. त्यांना जेवणाची वेळ खोटी सांगणं हा निष्काळजीपणा आहे आणि तो एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो.

"मालकाने मना केलं" या वाक्यामागे काय असतं तेही सांगतो. स्टॉल वेळेवर उघडला तर वरात येईपर्यंत खाणं संपेल आणि नवरदेवाकडच्या मंडळींसमोर नाक कापलं जाईल, ही भीती त्यात असते. फोटोवाल्याला भरलेल्या स्टॉलचे फोटो हवे असतात. आणि कोणीतरी पुढारी यायचा असतो. तो तीन गावांतली तीन लग्नं उरकत येतो, त्याचा पत्ता नसतो, आणि त्याच्या हातून 'शुभारंभ' झाल्याशिवाय पनीरच्या तुकड्याला कोणी हात लावायचा नसतो. माझा संताप सर्वांत जास्त याचा आहे. पुढारी पाच मिनिटं थांबणार, चहाही न घेता निघून जाणार. त्याच्यासाठी ज्यांना ताटकळत ठेवलं ते तुमचे मामा आहेत, आत्या आहेत, बांधाला बांध लागलेले शेजारी आहेत. तुमच्या शेतात रात्री बिबट्या आला तर काठ्या घेऊन धावणार ते हेच लोक.

आता कढईचा हिशेब मांडू, कारण तो यजमानही मांडत नाही आणि आचारीही. पाचशे पाहुणे धरा. मागाहून पूर्ण जेवण असेल तर माणशी चार ते सहा नग पुरतात, हा केटरिंगवाल्यांचा सर्वसाधारण ठोकताळा आहे. आपण पाच धरू. झाले अडीच हजार नग. मोठ्या कढईत एका घाण्याला चाळीस भजी नीट निघतात आणि घाण्याला पाच मिनिटं लागतात. तासाला बारा घाणे, म्हणजे ४८० भजी. एकाच कढईवर २,५०० नग काढायला सव्वापाच तास लागणार. आमच्याकडे आचारी एक असतो, तळणाची कढई एक असते आणि यजमान म्हणतो, सगळं गरमागरम पाहिजे. मग तो बिचारा चारला तळायला बसतो आणि ढीग लावून झाकत जातो. घाई झाली की घाण्यात चाळीसच्या जागी सत्तर भजी सोडतो. तेल १७०-१८० अंशांवर असलं की पिठावर लगेच कवच धरतं, आतली वाफ बाहेर जोर करत राहते आणि तेल आत शिरत नाही. कढईत गर्दी केली की तेल थंडावतं, कवच उशिरा धरतं आणि भजं तेल पितं. मग ते वाफेत झाकून ठेवायचं. रात्री नऊला पाहुण्याच्या वाटीत पडतो तो तेलकट, लिबलिबीत, गार गोळा. पाहुणा एक घास खातो आणि उरलेलं वाटीसकट टेबलाखाली सरकवतो. एवढं बेसन, एवढं तेल, एवढी मजुरी यासाठी खर्च केली का?

कढया तीन ठेवल्या तर तेच अडीच हजार नग पावणेदोन तासांत निघतात. दोन गॅसच्या शेगड्या आणि दोन माणसं वाढतात, दुसरं काही नाही. डीजेच्या पैशांतून हे सहज निघेल. किंवा तळायचे पदार्थ तीनावरून एकावर आणा, म्हणजे एकच कढई पुरेल. यजमानाला यातलं काहीच करायचं नसतं. त्याला पत्रिकेच्या मागे सोळा पदार्थांची यादी छापायची असते.

खरं तर ऐन वेळी गरम वाढायचं कसं, हे कोडं आपल्या घरच्या बायांनी कधीच सोडवलं आहे. वरण-बट्टीच्या जेवणाला खानदेशात आणि आमच्या निमाडच्या कडेला काय करतात? कणकेचे उंडे आधीच वाफवून ठेवतात. पंगत बसायची चाहूल लागली की कापायचे आणि तळायला टाकायचे. वेळखाऊ काम आधी उरकलेलं असतं आणि शेवटचं पाच मिनिटांचं काम माणूस समोर असताना होतं. पाटोडीचं आणि कोथिंबीरवडीचंही तसंच. बुऱ्हाणपूरचे मांडे तर उलट्या कढईवर डोळ्यांसमोर भाजून हातावर येतात. हे सगळं ज्ञान आपल्या अंगणात पडलेलं असताना आपण दुपारी तळलेले, संध्याकाळी लालभडक सॉसमध्ये बुडवलेले आणि रात्री वाढलेले कोबीचे गोळे प्रतिष्ठेचे मानतो.

आणि हे नुसतं चवीपुरतं नाही. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं किंवा ५ अंशांच्या खाली, हा अन्नसुरक्षेचा साधा नियम आहे. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, आणि परिस्थिती अनुकूल असली तर वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. अमेरिकेच्या शेती खात्याचा सल्ला असा, की असं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात आमच्याकडे दिवस मावळल्यावरही हवा त्याच्या वरच असते. म्हणजे पनीर, खवा, मेयोनीज, दही घातलेलं काहीही आमच्या मांडवात एका तासाचं धनी आहे. ते चार-चार तास झाकून ठेवतात. कोणी म्हणेल, वाढताना पुन्हा गरम करू. माणसाच्या हातावरून अन्नात जाणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू जे विष सोडतो ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. लग्नाहून परतताना अर्धी जीप उलट्या करते, तेव्हा लोक ऊन लागलं म्हणतात, नजर लागली म्हणतात. बऱ्याचदा लागलेलं असतं ते झाकणाखालचं पनीर.

दहाच्या ठोक्याला डीजे बंद करायला लावणारा कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. पोलिसांची गाडी आली की यजमान धावत जाऊन आवाज बंद करतो, कारण तिथे घड्याळ पाळावं लागतं. पाहुण्याच्या पोटासाठी पोलीस येत नाहीत, म्हणून ते घड्याळ कोणी पाळत नाही. धाक असेल तिथेच वेळ पाळायची आणि प्रेमाने आलेल्या माणसाला ताटकळत ठेवायचं, ही वृत्ती मला किळसवाणी वाटते.

जुनी पंगत चांगली होती म्हणून मी रडत नाही. पंगतीत जात बसायची. गावातल्या काही लोकांना वेगळं आणि शेवटी वाढलं जायचं, बाया तर सगळ्यात शेवटी, आणि तोवर भाजी तळाला गेलेली असायची. ते गेलं हे बरंच झालं, आणि जिथे उरलं आहे तिथूनही जावं. पण पंगतीत एक गोष्ट होती: पान मांडलं की मीठ, लिंबू, चटणी यायची, सगळ्यांना वाढून झालं की सगळे एकदम घास घ्यायचे आणि यजमान रांगेतून फिरत "सावकाश होऊ द्या" म्हणायचा. पानावर बसलेल्या माणसाला तो थांबवून ठेवत नसे. बुफे आला तेव्हा आपण पानं टाकली आणि हे भानही टाकलं.

स्टार्टरची पद्धत आपण साहेबाकडून घेतली. त्यांच्याकडे संध्याकाळी आधी पेय असतं, मग जेवण. रिकाम्या पोटी दारू चढू नये म्हणून पेयासोबत हातात घ्यायचं काहीतरी फिरवतात. पण निमंत्रणावर वेळ छापलेली असते आणि त्या वेळेला ताट समोर येतं, म्हणून यजमानिणीला आधीचा पाऊण तास नेमका माहीत असतो. तेवढ्याच वेळेचं खाणं ती काढते आणि जेवणाआधी ते बंद करते. आपण वाट्या उचलल्या, टूथपिक उचलल्या, टोप्या घातलेले वेटर उचलले. घ्यायचं होतं ते घड्याळ, आणि तेवढंच तिथे ठेवून आलो.

पैठणच्या एकनाथ महाराजांची श्राद्धाची कथा आमच्या भागात कीर्तनात हमखास येते. श्राद्धाचा स्वयंपाक तयार होता, मानाचे ब्राह्मण यायचे होते, आणि वासाने भूक चाळवलेली अस्पृश्य मानलेली माणसं दारावरून चालली होती. नाथांनी तो स्वयंपाक त्यांना वाढला आणि मानकऱ्यांसाठी पुन्हा चूल पेटवली. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत पहिलं सूत्र भुकेल्याला अन्न देण्याचं आहे, आणि तेच गाडगेबाबा कर्ज काढून लग्न-कार्य करणाऱ्यांना चारचौघांत फटकारत. हीच माणसं आपल्या भिंतींवर फोटोत आहेत. त्या फोटोंना हार घालायचा आणि मांडवात मानकरी आला नाही म्हणून भुकेल्याच्या तोंडावर झाकण ठेवायचं, हे एकाच घरात चालतं.

मला नेहमी सांगतात, "दादा, आधी खायला दिलं तर लोक त्याच्यावरच पोट भरतात आणि जेवण वाया जातं." मी हे साफ नाकारतो. जेवण वाया जातं ते नऊला स्टार्टर आणि दहाला जेवण असं लागोपाठ वाढल्यामुळे. सहाला दोन घास खाल्लेल्या माणसाला साडेआठला कडकडून भूक लागते आणि तो पान स्वच्छ करून उठतो. आणि चार तास उपाशी ठेवलेला माणूस स्टॉल उघडल्यावर तुटून पडतो, तीन वाट्या भरतो, एक खातो, दोन टाकतो. त्याला हावरट म्हणू नका. त्याला तसं तुम्ही केलं. दुसरं म्हणतात, "वरातीतल्या लोकांना काय उरेल?" त्यांचा घाणा वेगळा ठेवा. तिसरा कढईवाला कशाला बसवला आहे? वरात दारात आली की तो सुरू करेल. उरला खर्चाचा मुद्दा, तर त्याचं उत्तर आमच्या शिवारातच उभं आहे.

बुऱ्हाणपूर केळीचा जिल्हा. 'एक जिल्हा एक उत्पादन' या योजनेत आमच्या नावापुढे केळीच लिहिली आहे. आमची पोरं केळीच्या बागांत वाढतात, आमच्या मुली केळीच्या पैशांवर शिकतात, आणि भाव कोसळला की आम्ही तीच केळी ढोरांपुढे टाकतो. अशा गावात लग्नात केळ्याचा एक घड ठेवलेला मी पाहिलेला नाही. मांडवाच्या दारात केळीचे खुंट बांधतात, शोभेला. खायला मोमो. केळं हे हातात धरून खायचं, स्वतःच्या सालीत बांधलेलं, चमचा-वाटी-टिश्यू काहीही न मागणारं खाणं आहे. उन्हात तासाभरात विषारी होत नाही, दात नसलेल्या म्हाताऱ्याला चालतं, दोन वर्षांच्या पोराला चालतं, उपासाच्या माणसाला चालतं. साखर घसरलेल्या त्या म्हातारीला सातला एक केळं मिळालं असतं तर तिची बोटं थरथरली नसती. पण केळं ठेवलं तर लोक हसतील, शेतकऱ्याचं लग्न दिसेल, अशी यजमानाला लाज. स्वतःच्या बागेची लाज वाटणाऱ्या माणसाने पनीरच्या जिवावर प्रतिष्ठा कमवायचा नाद सोडावा.

पत्रिकेवर जी वेळ छापली त्याच्या अर्धा तास आधी मांडवाच्या तोंडाशी एक टेबल लावा. त्यावर पाणी, लिंबू-सरबत, केळी, केळीचे वेफर्स, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. यातलं काहीच गरम नाही, काहीच तासाभरात बिघडत नाही, आणि वाढायला दोन पोरं पुरतात. झाकण नाही, दोरी नाही, कोणाची परवानगी नाही. पहिल्या पाहुण्याला पहिला घास. मग वरात जानवशावरून हलली की कढया पेटवा. पाटोड्या, मूगभजी, जे काय तळायचं ते लोक समोर उभे असताना, लहान घाण्यांत. म्हाताऱ्या माणसांकडे आणि लेकुरवाळ्या बायांकडे ताटं फिरवा, कारण स्टॉलच्या गर्दीत ती कधीच पोहोचत नाहीत. तिथे वीस वर्षांची पोरं कोपरं मारत उभी असतात. आणि आठ वाजले की जेवण उघडा. वरात आली असेल तर उत्तम, नसेल आली तरी. मंगलाष्टकं जेवणासाठी थांबत नाहीत, मग जेवणाने मंगलाष्टकांसाठी का थांबावं? ज्यांना अक्षता टाकायच्या आहेत ते हात धुऊन येऊन टाकतील. नवरदेवाच्या मित्रांना रस्त्यात तासभर जास्त नाचायचं असेल तर त्यांनी खुशाल नाचावं, स्वतःच्या भुकेवर.

गोळी घेणाऱ्या माणसांसाठी पत्रिकेतच एक ओळ छापा: जेवण आठ वाजता. तेवढी ओळ खरी ठेवा. मुहूर्ताची वेळ तुम्ही पाळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, निदान जेवणाची पाळा.

आणि केटररशी बोलणी करताना एक गोष्ट आधी ठरवा, कारण ती कोणाच्याच यादीत नसते. वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिव्यांचे झुंबर घेऊन चालणाऱ्या बाया, बँडवाले, जनरेटरची गाडी ओढणारे, जीपचे ड्रायव्हर, आणि आपल्याला वाढणारी ती हातमोजेवाली पोरं, यांच्यातल्या कोणाच्याच पोटात दुपारपासून काही नसतं. सगळं आटोपल्यावर, बाराला, एकला, भांड्याला चिकटलेलं जे उरेल ते त्यांच्या वाट्याला येतं. नाचणाऱ्यांवर नोटा उधळल्या जातात आणि त्या नोटा जिच्या डोक्यावरच्या उजेडात दिसतात त्या बाईला कोणी पाणी विचारत नाही. त्यांचं जेवण साडेपाचला, वरात निघायच्या आधी, बसवून, ताटात, आपल्यासाठी रांधलेल्या त्याच अन्नाचं. किती पानं ते केटररच्या कागदावर लिहून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे मोजा. डोईफोडियात पुढच्या लग्नसराईत जो कोणी हे करणार असेल त्याने मला नुसता निरोप द्यावा. वाढायला माणूस कमी पडत असेल तर साडेपाचला मी येऊन उभा राहतो.